काळी फीत

लढाऊ जहाजावर आग विझवायला शिकवणाऱ्याला सगळे मास्तर म्हणत. त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा त्याच जहाजाच्या भटारखान्यात आचारी होता. मास्तर त्याला दाजी म्हणे, म्हणून हळूहळू सगळं जहाजच त्याला दाजी म्हणू लागलं. "एका बायकोबरोबर एवढे मेहुणे मिळालेला मीच," असं तो पातेलं ढवळत ऐकवायचा.

सरावाची पद्धत ठरलेली होती. सकाळी मास्तर काही जणांच्या दंडाला फीत बांधी. पिवळी फीत म्हणजे जखमी, काळी म्हणजे मेलेला. जखमींना शोधून, स्ट्रेचरला बांधून वर आणायचं. मेलेल्यांना हात लावायचा नाही, कारण आधी जिवंत माणूस, मग बाकीचं. डेकवर हजेरी होई तेव्हा प्रत्येक खात्याचा मुकादम आपली माणसं मोजून 'पूर्ण' असं ओरडे, आणि त्या मोजणीत मेलेले धरायचे नसत. मास्तरनं हे इतकं घोकून घेतलं होतं की मुकादम झोपेतही चुकले नसते.

दाजीला नेहमी काळी फीत हवी असे. पहाटेपासून शेगडीपुढे उभं राहून त्याचे पाय भरून येत. जखमींना तुमची पोरं शिडीवर आपटत नेतात, त्यापेक्षा मेलेलं बरं, निदान पाठ टेकते, असं त्याचं म्हणणं. पण मागच्या सरावात त्यानं घोळ घातला. मेलेला असताना जवळून धावणाऱ्या एकाला त्यानं हळूच विचारलं, पातेलं उतरवलं का. मास्तरच्या कानांवर ते गेलं आणि त्यानं सगळ्यांना पहिल्यापासून सराव करायला लावला. नंतर कितीतरी दिवस 'दाजीचं भूत पातेलं मागतंय' असं जहाजभर चाललं होतं.

म्हणून या वेळी मास्तर त्याला स्वतः खालच्या कोठीत घेऊन गेला. पिठाच्या पोत्यांमागे माणूस आडवा होईल एवढी जागा होती. दाजी तिथं पसरला आणि समाधानानं कण्हला.

"दाजी, या वेळी फजिती नको," मास्तर म्हणाला. "धूर येईल, आरडाओरडा होईल. काही झालं तरी, मी येऊन खांदा हलवेपर्यंत उठायचं नाही."

"आणि तुम्ही विसरलात तर?"

"मला बहिणीला तोंड दाखवायचंय."

दाजी हसला. वाटेत आचेवरचं पातेलं तेवढं बघा, म्हणाला, आणि त्यानं डोळे मिटले.

धुराचे डबे पेटले, घंटा वाजली, पोरं नळ्या ओढत धावू लागली. सगळं शिकवल्यासारखं चाललं होतं. तेवढ्यात कोठीला लागून असलेल्या जनरेटरच्या खोलीत तेलाची एक नळी फुटली आणि तेल तापलेल्या पत्र्यावर उडालं. ही आग कुणी लावलेली नव्हती.

भोंग्यावरून कप्तानाचा आवाज आला, की सराव बंद, आग खरी आहे. कोठीतला भोंगा कित्येक दिवस नुसता घरघरायचा. काहीतरी सांगताहेत एवढंच तिथं कळे.

मास्तर तेव्हा त्या खोलीच्या दारात नळी धरून उभा होता. पाण्याची वाफ होत होती, पुढचं दिसत नव्हतं. मग सगळ्यांनी वर या असा हुकूम आला. वर येताच त्यानं गर्दीत काळ्या फिती शोधल्या. एक दिसली, पलीकडे आणखी एक. मेलेले आपणहून उठून आले तर, असं वाटून त्याचा जीव भांड्यात पडला. मुकादम एकामागून एक ओरडले. भटारखान्याचा मुकादमही ओरडला, "पूर्ण."

खाली उतरायच्या वाटेवर जाड लोखंडी झाकण होतं. कप्तानानं ते बंद करून खाली आग गुदमरवणारा वायू सोडायला सांगितलं. झाकणाचं चाक मास्तरनंच फिरवलं. त्याच्याइतकं घट्ट ते कुणाला बसवता येत नसे.

मग तो भटारखान्याच्या माणसांकडे वळला.

"दाजी कुठाय?"

मुकादमानं त्याच्याकडे पाहिलं.

"त्यांना काळी फीत होती ना," तो म्हणाला. "मेलेले मोजायचे नसतात, मास्तर. तुम्हीच शिकवलंय."

मास्तर परत झाकणापाशी गेला. पलीकडची आच अजमावायला त्यानं हाताची मागची बाजू लोखंडाला लावली, जशी तो पोरांना लावायला शिकवत असे, आणि चटका बसला तरी काढली नाही. कप्तान मागोमाग आला. त्याला कुणीतरी सांगितलं असावं. कोठीच्या शेजारी दारूगोळा होता आणि डेकवर सगळी पोरं उभी होती. कप्तानानं आवाज चढवला नाही.

"मास्तर, हे आता उघडलं तर काय होईल?"

या प्रश्नाचं उत्तर तो वर्षानुवर्षं पोरांकडून म्हणवून घेत आला होता. आगीला जळायला काहीतरी लागतं, उष्णता लागते आणि हवा लागते. खाली पहिल्या दोन गोष्टी भरपूर होत्या.

"हवा आत जाईल," तो म्हणाला. "आग वर येईल."

"नक्की?"

"नक्की."

कप्तान निघून गेला. झाकण बंदच राहिलं.

लोखंड निवल्यावर खाली पहिला मास्तर उतरला. दाजी पोत्यांमागे होता, जिथं ठेवला होता तिथंच. झोपेत गेला असं म्हणायची सोयही त्यानं ठेवली नव्हती. खिशातला रुमाल काढून, नीट घडी घालून त्यानं नाकावर घट्ट बांधला होता. म्हणजे तो जागा झाला होता. धूर त्याला कळला होता. तरी हात अंगालगत सरळ ठेवून तो पडून राहिला होता. मास्तरनं त्याच्या खांद्याला हात लावला आणि हलवला.

बहिणीला जहाजावरून आधीच कळवलं होतं. मास्तर तिच्या घरी गेला तेव्हा ती खाटेवर बसून दाजीच्या पांढऱ्या एप्रनांच्या घड्या घालत होती. घातलेली घडी मोडून पुन्हा घालत होती. तिनं त्याला बसायला जागा करून दिली.

"एवढी माणसं होती, दादा," मग ती म्हणाली. "त्यांना उठवायला कुणीच गेलं नाही?"

मास्तरच्या भाजलेल्या हाताला पट्टी होती. त्यानं तो हात मांडीवर घेतला.

"मी जाणार होतो," तो म्हणाला.