वरचा पाव फेरा

"बोटानं म्हणजे बोटानंच, बाबा. पाना नाही, पक्कड नाही, काही नाही. नुसतं असं." मेघनानं कॉम्प्युटरमधल्या नळीच्या फिटिंगचं काळं कडं दोन बोटांत धरून फिरवलं. ते जिथं अडलं तिथं ती थांबली आणि हात काढून घेतला. "झालं."

"ह्यां झालां?" राजाराम पुढे वाकला.

"झालं."

"आणि मगे सुटला तर?"

"नाही सुटत. आत रबराची रिंग असते. ती दाबली गेली की बस. पाणी रिंग अडवते, आपला जोर नाही."

राजारामनं मान हलवली, पण ती पटल्याची मान नव्हती. परळच्या हॉस्पिटलात मेन्टेनन्समध्ये त्यानं अख्खा जन्म पाइप जोडले होते, आणि सांधा असा नुसता लाडानं थोपटून बसतो हे तो पहिल्यांदाच ऐकत होता.

डिलाईल रोडच्या चाळीतल्या एका खोलीत मेघना थ्रीडी ॲनिमेशनचं काम करायची. आधीच्या कॉम्प्युटरचे पंखे असे काही घोंघावत, की दुपारी खाटेवर पडलेल्या तिच्या आईला, रमाबाईला, वाटे, उशाशी कुणी पिठाची गिरणीच लावली आहे. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर मेघनानं हा नवा जोडला. पाण्यानं थंड होणारा. काचेची बाजू असलेला डबा, आत पारदर्शक टाकी, छोटासा पंप आणि नळ्यांमधून निळं पाणी गुपचूप फिरत राहिलेलं. बघायला सगळा मजला लोटला होता.

"चाळीत पाणी सकाळी तासभर, आणि हिच्या डब्यात बघा, दिवसभर!" राजाराम येईल त्याला सांगायचा. जणू टँकर त्यानंच मागवला होता.

खरं सांगायचं तर त्याला मनातून फार आनंद झाला होता. पोरीच्या कामातलं त्याला कधी ओ की ठो कळलं नाही. ती स्क्रीनवर माणसं वळवायची, समुद्र हलवायची, आणि तो मागे उभा राहून "छान छान" म्हणायचा. आणि अचानक त्याच कामातून नळ्या निघाल्या, पंप निघाला, सांधे निघाले! लहानपणी तो कुणाचा नळ दुरुस्त करायला निघाला की मेघना बॅटरी धरायला सोबत जायची. कंटाळली की उजेड भरकटायचा. मग मोरीत वाकलेला राजाराम ओरडायचा, "उजेड हातावर पाड गो, माझ्या तोंडार नको. तोंड माका ठावक आसा!"

त्याच्या उस्तादानं त्याला एकच गोष्ट शिकवली होती. हातानं बसव, पान्यानं आवळ, आणि वरचा पाव फेरा आपल्या नावाचा. तो पाव फेरा राजाराम कधी चुकला नाही. चाळीत फिटरकाकांनी बसवलेला नळ गळत नाही, हे पोरासोरांनाही माहीत होतं.

फक्त एक गोष्ट कुणालाच माहीत नव्हती. साखरेच्या दुखण्यानं हळूहळू त्याच्या बोटांची जाणीव खाल्ली होती. शर्टाची बटणं तो आरशात बघून लावायचा. त्या सकाळी चहाचं उकळतं पातेलं त्यानं उघड्या हातानं उचललं, तेव्हा रमाबाई किंचाळली, "अहो, हात! सांडशी खंय गेली? कळणा नाय तुमका?"

"फिटराचो हात तो," तो हसून म्हणाला. "चिवट असता."

मग पाठ फिरवून त्यानं तळवा बघितला. लाल झाला होता. भाजल्याचं त्याला डोळ्यांनी कळलं.

मेघना टाकीत थोडं पाणी भरून, पिशवी खांद्याला लावून दारात उभी होती. लोअर परळला, मिलच्या जागेवर झालेल्या टॉवरमधल्या एका स्टुडिओनं तिला नमुन्याची छोटी फिल्म करायला सांगितली होती. तिकडे बोलणी करून ती संध्याकाळी परतणार, तोवर कॉम्प्युटर फिल्म पूर्ण करत बसणार, आणि आजच्या आज ती पाठवायची.

"आई, ह्याला कुणी हात लावायचा नाही हं. हे जमलं तर परमनंट. मग तुला कमोडवाला संडास असलेली खोली."

"माका खोली नको, तू जेवून जा," रमाबाई म्हणाली.

"तिकडे सँडविच देतात!"

"सँडविच खाऊन कोण परमनंट झालां गो?"

मेघना हसत जिना उतरली.

दुपारी रमाबाईचा डोळा लागला. राजाराम स्टूल ओढून काचेच्या डब्यासमोर बसला. त्याला ते बघत बसायला आवडायचं. आणि तेव्हा त्याला तो दिसला. टाकीच्या खालच्या फिटिंगला एक थेंब लटकलेला.

त्यानं काच बाजूला केली. बोट लावून पाहिलं. ओलं आहे की नाही, बोट काही सांगेना. रुमालानं टिपलं, रुमाल ओला झाला. म्हणजे गळतंय. पोरगी तिकडे बोलणी करतेय आणि इकडे तिचं नशीब गळतंय! फोन करावा का? पण फोन करून सांगणार काय? की घरात फिटर बसलाय आणि फिटिंग गळतंय?

आधी त्यानं अगदी तिनं सांगितलं तसंच केलं, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. दोन बोटांत कडं धरलं आणि फिरवलं. पण ते अडलं कुठं? पूर्वी सांधा बसला की मनगटापर्यंत निरोप यायचा. आता तो कान देऊन बसला, तरी बोटं मुकी ती मुकीच.

मग तो उठला आणि माळ्यावरून पाना काढला. कड्यावर चरे पडू नयेत म्हणून रुमाल मध्ये घेतला. आवळलं. लोखंड कधी फसवत नाही, आता बसलं हे त्याला पान्यातून कळलं. आणि मग, काही विचार न करता, हातानं आपलं आपण करून टाकलं. वरचा पाव फेरा.

टिक्. काचेची बांगडी पिचावी तसं.

"काय वाजला?" रमाबाईनं विचारलं.

"काय नाय. बसला."

थेंब पुन्हा आला नाही. राजारामनं खूश होऊन स्वतःसाठी चहा टाकला, त्यात आलं ठेचलं. तो पहिला घोट घेत होता तेव्हा टाकीतली केसाएवढी चीर उलगडली. पाणी कुठेही न उडता, अगदी शिस्तीत, खालच्या कार्डांवर उतरलं. स्क्रीनवरचा समुद्र थिजला. मग स्क्रीन काळी झाली.

मेघना आली तेव्हा बटण बंद होतं आणि फरशीवर निळं पाणी पुसलेलं दिसत होतं. राजाराम स्टुलावर बसून होता. ती काही बोलायच्या आत रमाबाईच खाटेवरून बोलली, "माझ्या हातातलो पेलो सांडलो गो. औषध घेतंय म्हटला, नि हात थरथरलो."

मेघना डब्यापाशी गुडघ्यांवर बसली. चीर बघितली. मग फिटिंगच्या काळ्या कड्यावरून अंगठा फिरवला. रुमाल असूनही पान्याचे दात उमटले होते. अंगठा तिथं थांबला.

"असू दे, आई," ती म्हणाली. "कुणाच्याही हातून सांडतं."

राजारामला वाटलं, हिनं ओरडावं. लहानपणी उजेड भरकटला की आपण ओरडायचो, तसं. पण ती पाणी टिपत राहिली.

"रमा, तू खोटां कित्याक बोलतंस? पाना मिया लावलंय," तो म्हणाला. "थेंब होतो थंय."

"तो थेंब सकाळी भरतानाचा होता, बाबा! वरून ओघळलेला!" आता तिचा आवाज फाटला. "बोटानं म्हटलं होतं ना मी? फक्त बोटानं. एवढं सोपं होतं!"

राजारामनं आपले दोन्ही पंजे तिच्यापुढे धरले. तळव्यावर सकाळचा फोड आला होता.

"बोटांका कळणा नाय गो आता."

मेघनानं फोडाकडे पाहिलं, मग आईकडे. आईनं भिंतीकडे तोंड फिरवलं होतं.

ग्राफिक्स कार्ड गेलं. स्टुडिओनं "पुढच्या वेळी नक्की" म्हटलं आणि दुसऱ्या कुणाला घेतलं. मेघना कुणाकडून उसन्या आणलेल्या लॅपटॉपवर लग्नांचे व्हिडिओ जोडू लागली. मधे शेजारचा भिवा सांगायला आला, "फिटरकाका, मोरीतला नळ गळतोय, जरा बघता?" राजाराम म्हणाला, "प्लंबर बोलव रे." भिवाला गंमत वाटली, तो हसतच गेला.

पावसाळा सरता सरता नवी टाकी आली, जुनंच पण चालू कार्ड आलं. रविवारी मेघनानं डबा फरशीवर आडवा घेतला. जुनं फिटिंग सोडवायला तिला पाना घ्यावाच लागला, इतकं ते घट्ट होतं. राजाराम दाराजवळ उभा राहून बघत होता. आपला सांधा सोडवला जाताना त्यानं ह्याआधी कधी पाहिला नव्हता.

"बाबा," मान वर न करता ती म्हणाली, "जरा बॅटरी धरता?"

तो आला आणि तिच्या शेजारी उकिडवा बसला. दोन्ही हातांनी बॅटरी धरून त्यानं उजेड तिच्या बोटांवर पाडला. बरोबर बोटांवर, तोंडावर नाही. मेघनानं नवं कडं दोन बोटांत धरलं. फिरवलं. ते अडलं, तशी ती थांबली.

आणि उजेड हलला. राजारामचं मनगट आपलं आपण उजवीकडे वळलं होतं, पाव फेरा.

"हलवू नका, बाबा."

"नाय," तो म्हणाला, आणि त्यानं बॅटरी आणखी घट्ट धरली.