तिसऱ्या ओढीला

मिस्त्रीने चार स्क्रू काढून चेनसॉचा सिलिंडर अलगद वर ओढला आणि आतला पिस्टन बघून नुसतंच ‘च्च’ केलं. मांजराने सोफा ओरबाडावा तसे पिस्टनवर उभे चरे पडले होते.

“काका, पेट्रोलमध्ये तेल मिसळलं नव्हतं?”

“मिसळलं होतं ना,” समोरच्या स्टुलावर बसलेले शिंपीकाका म्हणाले. “तेवढं कळतं मला.”

“कोणतं?”

काकांनी शर्टाच्या खिशातून चोचीसारख्या तोंडाची छोटी बाटली काढली. मिस्त्रीने ती उजेडात धरली. शिलाई मशीनचं तेल.

“किती घातलं?”

“दोन थेंब. माझ्या मशीनला पुरतात.”

मिस्त्रीने बाटली परत दिली. हसू आलं होतं, ते त्याने फडक्यात पुसून टाकलं.

करवत काकांची नव्हतीच, काकूंची होती. वीस वर्षं काकू लोकांची झाडं उतरवत फिरल्या आणि काका घरी बसून शर्टांना काजं करत राहिले. हे सगळ्यांना उलटं वाटायचं, त्या दोघांना सोडून. काकूंना जाऊन दीड वर्ष झालं होतं. झाडावरून पडून नव्हे, साध्या तापाने, अंथरुणात. याचा त्यांना स्वतःलाच राग आला असता.

मिस्त्रीने करवतीची साखळी निरखली. दात धारदार होते, भुशाचा कण नव्हता.

“कापलं काय हिने?”

“काही नाही.”

“मग चालवली कशाला?”

करवत ज्या रजईत गुंडाळून आणली होती, तिची काकांनी घडी घातली. कोपऱ्याला कोपरा नीट जुळवला.

“रोज सकाळी ती अंगणात ही चालू करून बघायची. त्या आवाजानेच मी उठायचो. मग ती निघायची आणि हातमोजे विसरायची. मी पळत फाटकापर्यंत नेऊन द्यायचो. आता घड्याळ लावून उठतो.” त्यांनी घडीवरून हात फिरवला. “घड्याळ काही विसरत नाही.”

मिस्त्रीने दोन खोकी पुढे ठेवली. एकात मूळ कंपनीचा पिस्टन आणि सिलिंडर, दुसऱ्यात त्याच मापाचा, दुसऱ्या कुणीतरी बनवलेला. काकांनी दोन्ही पिस्टन कानाशी नेऊन नखाने वाजवले.

“हिच्यासारखा आवाज कोणता देईल?”

“दोन्ही सारखेच, काका.”

“ज्याला शिवायचं नसतं त्याला सगळं कापड सारखंच,” काका म्हणाले आणि मूळ कंपनीचा निवडला.

“आणि हा सायलेन्सर?” काकूंनी फुटका सायलेन्सर तारेने बांधून ठेवला होता. “हा नवा टाकतो. माझ्याकडून.”

काकांनी तोंड उघडलं, पण फुकट मिळणाऱ्या वस्तूला नाही कसं म्हणायचं, ते त्यांना सुचलं नाही.

चार दिवसांनी काका रजई घेऊन आले. मिस्त्रीने बरोबर तेल मिसळलेलं पेट्रोल भरलं, दोरी ओढली, आणि करवत पहिल्याच ओढीला चालू झाली. आवाज एकसारखा, गुळगुळीत. मिस्त्रीने अभिमानाने वर बघितलं.

“छान आहे,” काका म्हणाले. “फारच छान.” दुसऱ्याच्या मुलाचं कौतुक करावं तसं. मग त्यांनी रजई पसरली.

मिस्त्रीने इंजिन बंद केलं.

“काय कमी आहे?”

“कमी काहीच नाही.”

मिस्त्री थोडा वेळ नव्याकोऱ्या सायलेन्सरकडे बघत राहिला.

“काकूंच्या हाताने कितव्या ओढीला चालू व्हायची?”

“तिसऱ्या. पहिल्याला ढिम्म. दुसऱ्याला नुसती खोकायची. मग ती एक शिवी हासडायची. मग तिसऱ्याला.”

“शिवी मला जमणार नाही. काकूंसारखी तर नाहीच.”

“नाहीच जमणार,” काका जरा ऐटीत म्हणाले.

मिस्त्रीने भंगाराचा डबा जमिनीवर पालथा केला. फुटका सायलेन्सर शोधला, पुन्हा बसवला, त्याच तारेने, तेवढेच पीळ देऊन. मग कार्बोरेटरचा स्क्रू किंचित फिरवला, ओढून पाहिलं, पुन्हा फिरवला. चांगलं इंजिन तो आयुष्यात पहिल्यांदाच बिघडवत होता, आणि ते काम दुरुस्तीपेक्षा अवघड निघालं. अर्धा तास गेला. मग त्याने इंजिन पुरतं गार होऊ दिलं.

पहिली ओढ. काही नाही.

दुसरी. करवत खोकली.

एका शिवीला लागेल तेवढा वेळ मिस्त्री थांबला. मग तिसऱ्यांदा दोरी ओढली.

तार खडखडली. आवाजाने दुकान भरून गेलं.

काका उठले. त्यांनी दोन्ही खिसे चाचपले, वाकून स्टुलाखाली बघितलं, रजई उचलून झटकली, आणि तसेच रिकाम्या हातांनी लगबगीने दारात जाऊन रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघत उभे राहिले.

मिस्त्रीचा अंगठा बंद करायच्या बटणावर होता. टाकीत पेट्रोल अजून बरंच होतं. त्याने अंगठा काढून घेतला.