विजयमालाताईंची तुला

उत्तमरावांचं सगळं आयुष्य पांढुर्ण्याच्या एका शाळेच्या ग्रंथालयात गेलं. तिथं ओठांवर बोट ठेवलं की काम भागायचं. निवृत्तीनंतर त्यांनी कॅमेरा घेतला, फोटोग्राफीची पुस्तकं परीक्षेसारखी वाचली आणि बारशी-वाढदिवसांवर हात बसवला. पण खासदारकीला उभ्या असलेल्या विजयमालाताईंच्या प्रचाराचं बोलावणं आलं, तेव्हा त्यांनी पुस्तकांत गर्दीवरचं प्रकरण शोधलं; ते कुठंच नव्हतं.

प्रचाराची व्यवस्था हिरामणकडे होती. त्याने आधीच सांगून टाकलं, "तिगावले ताईंची संत्र्यांनी तुला हाय. दोन्ही पारडे बरोबर, ताई हासून राहिल्या, असा एक फोटो पाहिजे. जमला त पूर्ण प्रचार तुमचा. नाही त उद्या सौंसरले कुलदीपले नेतो. लग्नाचे फोटो काढते थो. असा खेकसते का नवरदेवही बाजूले सरकते!"

निघताना शांताबाईंनी नवऱ्याला विचारलं, "लोकायले सरका म्हणता येईन ना तुमाले?"

"म्हणीन ना."

"म्हणून दाखवा बरं."

"जरा... सरकता का?"

शांताबाईंनी डबा हातात दिला. "जा बाप्पा. मी त नसती सरकली."

तिगावच्या मैदानात मोठा लोखंडी तराजू टांगला होता. अंगाने काडी असलेल्या ताई एका पारड्यात पाय सोडून बसल्या. दुसऱ्यात संत्री पडू लागली. त्यांच्या वजनाला थोडकीच संत्री पुरली असती. पण प्रत्येक आळीने आपापलं क्रेट आणलं होतं आणि ते परत न्यायला कोणीच तयार नव्हतं.

"वरच्या आळीचे घेतले, मंग आमचे काय सडके हायेत?"

एकेक क्रेट ओतलं गेलं आणि ताई वर, आणखी वर, पार वर गेल्या. संत्र्यांचं पारडं जमिनीला टेकलं. ताईंची एक चप्पल सुटली ती नेमकी हिरामणच्या डोक्यावर.

उत्तमराव गर्दीच्या मागे अडकले होते. समोर नुसत्या टोप्या आणि दुपट्टे. "जरा सरकता का," ते म्हणाले. पुढच्या माणसाने मानेवरची माशी हाकलली.

कोणत्या आळीची संत्री काढायची, यावरून खाली पुन्हा जुंपली. तेव्हा वरून ताई ओरडल्या, "भांडून कायले राहिले रे? खाऊन टाका ना! मले खाली उतरू द्या!"

हशा पिकला. लोकांनी ओंजळी भरल्या आणि सोलायला तिथंच बसकण मारली. उत्तमरावांपुढचं मैदान एकदम मोकळं झालं. वर एका पायात चप्पल घालून पोट धरून हसणाऱ्या ताई, खाली संत्र्यांत तोंड खुपसलेलं अख्खं गाव. त्यांनी बटण दाबलं आणि दाबतच राहिले.

संत्री कमी होत गेली तशा ताई खाली येऊ लागल्या. आता पारडी बरोबर येणार! उत्तमरावांनी श्वास रोखला. तेवढ्यात शेजारी संत्री सोलत बसलेल्या गावातल्या पुष्पाबाईंनी सोललेलं संत्रं त्यांच्यापुढं धरलं.

"घ्या ना भाऊ. केव्हाचे उभे हा."

नंतर घेतो, एवढंही त्यांच्या तोंडून फुटेना. कॅमेरा गळ्यात लोंबकळत सोडून त्यांनी दोन्ही हातांनी संत्रं घेतलं, मान लववली. वर पाहिलं तोवर ताई जमिनीवर उतरून हिरामणच्या हातून चप्पल घेत होत्या.

"निघाला का बरोबर पारड्याचा फोटो?" हिरामण घामाघूम होऊन आला.

"नाही," उत्तमराव म्हणाले. खोटं बोलायलाही धीटपणा लागतो.

"मंग सौंसरले कुलदीपच बरा."

"पाहू द्या मले," म्हणत ताईंनी कॅमेरा ओढून घेतला. हवेतल्या स्वतःकडे त्या बराच वेळ पाहत राहिल्या. उत्तमराव संत्र्याचा चिकट हात रुमालाला पुसत होते, तो काही कोरडा होईना.

"बरोबर पारड्यात त सगळेच पुढारी बसतेत, हिरामण. असं हासते का कोणी? हाच छापा."

"पण ताई, एकच चप्पल हाय पायात."

"दुसरी फोटोत तुया हातात हाय ना. तेही दिसून राहिली." ताई उत्तमरावांकडे वळल्या. "उद्या सौंसरले या भाऊ. तिथं कापसानं तोलणार हायेत मले. कापूस हलका असते, वर जाची भीती नाही."

उत्तमरावांनी घसा खाकरला. "पण लोकायले आधी खाली बसवसान का? कापूस काही खाता येत नाही."

हिरामणला ते ऐकू गेलं नाही. म्हणून उत्तमराव पुन्हा, मोठ्यानं म्हणाले, "लोकायले खाली बसवा!" आणि मैदानात उभी असलेली चार माणसं खरंच खाली बसली.