सिद्धम्माच्या भट्टीवरची कढई

मित्रांनो, मी अणदूरची एक जुनी लोखंडी कढई आहे. स्वयंपाकघरातली नव्हे, खव्याच्या भट्टीवरची. लहान मूल बसून अंघोळ करू शकेल एवढी मी मोठी आहे, आणि सिद्धम्माच्या नातवंडांनी तशी अंघोळ केलीही आहे. मी काळी आहे, एका कानाशी चेपलेली आहे. त्याचं मला काही वाटत नाही. माझ्या डोक्यात एक गोंधळ मात्र घर करून बसला आहे. तुम्हाला सांगून तो सुटतो का, ते पाहते.

एका लोहाराने जाड पत्रा ठोकून ठोकून मला घडवलं. सिद्धम्माच्या नवऱ्याने मला घरी आणलं. तो वारल्यावर सिद्धम्माने पदर खोचला आणि उलथणं हातात घेतलं. खवा करणं म्हणजे खायचं काम नाही बरं! दूध आटेपर्यंत हात थांबवून चालत नाही, थांबला की दूध तळाला लागलंच. धुराने तिचे डोळे लाल होत, पण तुळजापूरचे पेढेवाले चिमूटभर खवा हुंगून मान डोलवत, तेव्हा ती माझ्याकडे अशी बघायची की मला तापल्यासारखंच वाटायचं. तिच्या घरातला प्रत्येक घास याच भट्टीवरून येत होता.

आमची एक रीत होती. नवा दूधवाला आला की त्याचं दूध त्याच्यासमोर वेगळं आटवायचं. खवा जेवढा उतरेल, त्यावर दुधाचा भाव. पाणी घातलेलं दूध माझ्यापुढे लपत नसे. भाव पटला नाही तर माणूस कॅन उचलून दुसऱ्या भट्टीवर जाई, आणि तिथे नाही जमलं तर मान खाली घालून परत येई. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नव्हती. बब्रुवान असाच एकदा भांडून गेला आणि परत आला. पुढे कित्येक वर्षं त्याच्या गाईंचं दूध माझ्यातच आटलं.

मग एक दिवस त्याचा कॅन आलाच नाही. दुसऱ्या दिवशी तो रिकाम्या हाताने आला आणि भट्टीपासून लांबच उभा राहिला.

"मावशी, सरकारनं जाहीर केलंय. डेअरीला दूध घातलं तर लिटरमागं वर पैसे देनार हायत. भट्टीवर घातलं तर न्हाय. तुमीच सांगा, म्या काय करू?"

सिद्धम्मा उलथणं पुसत राहिली. "लेकरं हायत तुला. घाल बाबा डेअरीला. म्या तेवढं कुठून देऊ?"

हळूहळू सगळेच डेअरीला गेले. मित्रांनो, इथेच मी गोंधळले. माझ्यावर बंदी घातली नव्हती. आमच्या खव्याला कुणी नावं ठेवली नव्हती. उलट गरीब दूधवाल्यांचं भलं व्हावं म्हणूनच तो निर्णय झाला होता. तरी माझ्या तळाला जाळं धरलं. रागवावं तर कुणावर? बब्रुवानवर रागवून बघितलं, पण ते काही जमलं नाही.

भट्टी थंड पडल्यावर एक सरकारी साहेब आले. चांगला माणूस होता, चपला बाहेर काढून आत आला. "आजी, तुमच्यासारख्या खवा करणाऱ्यांसाठी योजना आहे. विजेवरचं यंत्र, निम्म्याहून जास्त पैसे सरकार भरणार."

"यंत्र चांगलंच आसंल, साहेब. पर दूध कुठंय?"

साहेबांनी हातातले कागद चाळले. "दुधाचं आमच्याकडे येत नाही. ते वेगळं खातं."

सिद्धम्माने पुष्कळ विचार केला. यंत्र आलं तर दूधही येईल, अशी तिला वेडी आशा वाटली असावी. जागेसाठी तिने भट्टी पाडली. यंत्र आलं, चकचकीत, प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं. मला अंगणात टाकलं आणि माझ्यात कोंबड्यांचं पाणी भरलं. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं.

पुढे सरकारचे ते वरचे पैसे बंद झाले. डेअरीचे दरही तोवर खाली आले होते, आणि बब्रुवानच्या गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर सरकारी नोंदीशी जुळत नाही म्हणून त्याचे आधीचे वरचे पैसेही अडकले होते. एका सकाळी तो कॅन घेऊन अंगणात उभा राहिला. "मावशी, घेता का? आज एवढंच हाय."

तेवढ्या दुधाने यंत्राचा तळही झाकला जात नव्हता, आणि वीज तर आदल्या दिवसापासून गेलेली. सिद्धम्माने कोंबड्यांना हाकललं, मला राखेने घासलं, अंगणात तीन दगड मांडले आणि जाळ केला. बब्रुवान लाकडं पुढे सारत होता. किती दिवसांनी माझ्या अंगाला ऊब लागली! खवा असा दाणेदार उतरला की दोघंही त्याच्याकडे बघत बसले.

तेवढ्यात साहेबांची गाडी आली. यंत्र चालू असल्याचा फोटो त्यांना वर पाठवायचा होता. रिकामं यंत्र बघून त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांची नजर खव्यावर गेली.

"आजी, हा जरा त्यात ठेवता का? दोनच मिनिटं."

सिद्धम्माने बब्रुवानकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले. माझ्यातला खवा यंत्रात गेला, सिद्धम्मा शेजारी उभी राहिली, आणि मला बाजूला सरकवलं, कारण काळा धूर फोटोत दिसत होता. साहेब खूश झाले. "बघा, योजना किती चांगली चालली आहे! पुढच्या वर्षी आणखी पन्नास घरांना देणार."

पन्नास भट्ट्या पडतील, एवढं मला कळतं. ते कुणाच्या भल्यासाठी, ते काही केल्या कळत नाही.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी पुढे मोठं साहेब झालं आणि तो फोटो तुमच्या टेबलावर आला, तर सही करण्याआधी एकदा अणदूरला या आणि सिद्धम्माला विचारा. तो खवा माझा आहे.