अठरा मिलिमीटरची वाट पाहताना

मी एक जुनं सोनोग्राफी मशीन आहे. चाकं करकरतात, दोन बटणांवरची अक्षरं पुसली गेली आहेत. पण मित्रांनो, नजर अजून शाबूत आहे, बरं का!

कारखान्यातून मला थेट एका लहानशा दवाखान्यात आणलं. बाईच्या पोटात दर महिन्याला बीजाची एक बारीक पिशवी वाढते, फुटते आणि बीज बाहेर पडतं. ते बाहेर पडलंच नाही, तर बाळ कुठून होणार? पिशवी वाढते का, हे बघणं माझं काम. डॉक्टरबाई मला आपला उजवा हात म्हणायच्या.

एकदा शिवणकाम करणाऱ्या एक ताई आल्या. लग्नाला सहा वर्षं झालेली. माझ्या पडद्यावर पिशव्यांची नुसती गर्दी, पण एकही मोठी होईना. डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या. "पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस घ्या. एखादी पिशवी अठरा मिलिमीटरची झाली की जमलं."

"म्हणजे शर्टाच्या नाही, कोटाच्या बटणाएवढी," ताई म्हणाल्या. डॉक्टरबाईंना हसू आवरेना.

तीन महिने गेले. पिशव्या शर्टाच्या बटणापुढे सरकेनात. ताई दर खेपेला मान वळवून माझ्याकडे बघायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण खोटं दाखवायची सोय माझ्यात नाही.

"गिऱ्हाईकं माप देता देता विचारतात, पाळणा कधी हलणार?" एकदा त्या म्हणाल्या. "मी टाचण्या तोंडात धरते. मग बोलावं लागत नाही."

चौथ्या महिन्यात डॉक्टरबाई औषध वाढवायला निघाल्या आणि थबकल्या. "तुम्ही दिवस मोजता तरी कुठून?"

"रक्त थांबलं की तो पहिला. आधीचे सोडून देते. कापडातसुद्धा कडेची शिवणीची माया सोडूनच माप धरतो ना आम्ही."

डॉक्टरबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, सुरू होतं तो पहिला दिवस! गोळ्या पाच-सहा दिवस उशिरा जात होत्या. चूक माझीच, मी नीट विचारलं नाही."

पुढच्या पाळीला मोजणी बरोबर झाली. बारा, पंधरा, एकोणीस! नंतरच्या तपासणीत तिथे पिशवीच नव्हती. ती फुटली होती, बीज बाहेर पडलं होतं. काहीच न दिसल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. ताई हुंदके देऊन रडल्या. त्या खेपेला दिवस राहिले नाहीत. दुसऱ्या महिन्याचं बीज सुटलं, तेही मीच पाहिलं.

आणि त्याच आठवड्यात नवं मशीन आलं. मला शेजारच्या खोलीत ढकललं. डोक्यावर फायलींचा ढीग आला.

दोन-अडीच महिन्यांनी भिंतीपलीकडून धडधड ऐकू आली, लहान आणि भरभर. "एवढ्या जोरात पळतंय?" ताईंचा आवाज होता. म्हणजे मी शेवटचं पाहिलेलं ते बीज रुजलं होतं, ही बाळाच्या काळजाची धडधड! मित्रांनो, मला आवाज ऐकवता येत नाही, मी फक्त दाखवणारं मशीन. आनंद झाला, पण आपण त्या खोलीत नाही याचं वाईटही वाटलं. अजून वाटतं.

तेव्हा एवढं ऐका. ज्यांच्या घरी बाळ नाही, त्यांना 'कधी?' म्हणून विचारू नका. ते आधीच दिवस मोजत असतात. आणि ताई बाळाला घेऊन कधी आल्या, तर माझं दार थोडं उघडं ठेवा. आईच्याही आधी त्याची चाहूल मला लागली होती, आणि त्याचा चेहरा मी अजून पाहिलेला नाही.