जास्त भाडं देणारा

राजदीपला परदेशी कामाचे मिळालेले बिटकॉइन म्हणजे आपलं देवपुरातलं पुरणाच्या मांड्यांचं दुकान, हे त्याच्या आई द्रौपदाबाईंनी कधीच ठरवून टाकलं होतं. पण मदतनीस म्हणवणाऱ्या एका भामट्याला राजदीप बिटकॉइनच्या डिजिटल पाकिटाचे गुप्त शब्द सांगून बसला. चूक कळताच त्याने सगळं नव्या पाकिटात पाठवलं, फक्त फी सर्वांत कमी भरली. घासाघीस केल्याशिवाय मेथीची जुडीही न घेणाऱ्या आईचाच तो लेक.

व्यवहार रांगेत अडकला, आणि ती रांग साऱ्या जगाला दिसते. चोराने जास्त फी भरून तेच पैसे स्वतःकडे वळवले. राजदीपने फी वाढवली. चोराच्या यंत्राने लगेच त्याहून वाढवली.

"म्हणजे जास्त भाडं देईल त्यालाच गाडीत घेतात?"

"हो, आई."

"अन् तो भाडं भरतो कशातून?"

"आपल्याच पैशातून."

"धन्य रे बाबा! मग तू बी भर, बठ्ठं, सारंच भाड्यात घाल! पण त्याच्या हाती नको लागू देऊ."

राजदीप आकडा टाकतच होता, तेवढ्यात पडद्यावर हिरवी खूण उमटली. व्यवहार पूर्ण झाला होता, चोराच्या पत्त्यावर.

"आता कोणाला सांगायचं?" द्रौपदाबाईंनी विचारलं.

"व्यवहार परत फिरवेल अशी इथे बँकच नाही, आई."