ह्यांना साखर नको

बस अमरावतीहून सुटली तेव्हा माझ्या शेजारच्या सीटवर माझे यजमान बसलेले होते. माझं लग्न झालेलं नाही.

मला हे मागच्या सीटवरच्या वानखडेबाईंकडून कळलं. मी पर्स शेजारच्या सीटवर ठेवली होती. त्यांनी माझ्या खांद्याला हात लावला.

"मॅडम, पर्स उचला न जी. साहेब केव्हाचे उभे आहेत."

मी वर पाहिलं. मधल्या वाटेत कोणी नव्हतं. पण कोणी पर्स उचला म्हटलं की मी उचलते. मांडीवर घेऊन बसले.

"बसले एकदाचे," वानखडेबाई आपल्या नवऱ्याला म्हणाल्या.

सहल चिखलदऱ्याची होती. सकाळी निघायचं, डोंगरावर कॉफीचे मळे बघायचे, तिथेच कॉफी प्यायची, पॉइंटांवरून दऱ्या बघायच्या आणि परत यायचं. मी एकटीचं तिकीट काढलं होतं. मी हेमलता गुल्हाने. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चष्म्याचे नंबर काढते. दिवसभर माणसं माझ्यासमोर हनुवटी टेकवून बसतात, मी दाखवेन ती अक्षरं वाचतात आणि उठून जातात. आई गेल्यापासून घरी कोणी नाही. आमचं कॉफीचं भांडं जरा मोठं आहे, त्यामुळे उरलेली कॉफी मी दुपारी गारच पिते. एक दिवस दुसऱ्या कोणी केलेली गरम कॉफी प्यावी, एवढ्यासाठी मी आले होते.

परतवाड्याला गाइड चढला. शिवलाल कासदेकर त्याचं नाव, तिकडचाच, चाळिशीचा. त्याने हवेत बोट नाचवत माणसं मोजली आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या सीटकडेही बोट केलं.

"माझ्या शेजारी कोणी नाही," मी त्याला सांगितलं.

शिवलालने सीटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तो वाकून हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, सहलीला आल्यावर भांडण नाही करायचं. वर गेल्यावर हवा लागली की सगळं ठीक होते."

घाट सुरू झाला. सागाची पानं मोठी आणि धुळकट होती. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. मागून वानखडेबाई मधूनमधून माझ्या शेजारच्या सीटला काही विचारायच्या, थांबायच्या आणि बरं बरं म्हणायच्या.

"शांत आहेत तुमचे साहेब," त्या मला म्हणाल्या. "आमच्या ह्यांचं तोंड एक मिनिट बंद राहत नाही."

वानखडे वीज मंडळातून निवृत्त झाले होते आणि त्यांचं तोंड खरंच बंद राहत नव्हतं.

पहिल्या पॉइंटवर सगळे कठड्यापाशी उभे राहिले. दरी खोल होती, खाली धुकं नव्हतं, त्यामुळे तळापर्यंत सगळं दिसत होतं. वानखडेबाईंनी मोबाइलवर माझा फोटो काढला. "जवळ सरका थोड्या," त्या म्हणाल्या. मी कुठल्या बाजूला सरकायचं ते विचारलं नाही. फोटोत मी होते, आणि माझ्या उजवीकडे एका माणसाच्या रुंदीएवढी दरी होती.

"छान आले दोघं," त्या म्हणाल्या.

"ते दिसायला कसे आहेत?" मी विचारलं.

"मला काय विचारता? नवरा तुमचा."

वानखड्यांना माझी दया आली असावी. ते म्हणाले, "उंचीला तुमच्याएवढेच आहेत. चष्मा आहे. जुना दिसतो. मघापासून डोळे बारीक करून बघतात."

डोळे बारीक करून बघतात म्हटल्यावर मी थांबले. समोरच्या डोंगरावर झाडांच्या वर एक देवळाचा कळस दिसत होता.

"त्यांना विचारा, तो कळस दिसतो का."

वानखडे माझ्या उजवीकडे वळले, त्यांनी विचारलं, आणि ऐकून घेतलं. "नाही म्हणतात."

"आणि खालचं तळं?"

"निळं काहीतरी आहे म्हणतात."

"शिवलालच्या शर्टावरचं नाव?"

"ते वाचतात बरोबर."

म्हणजे लांबचा नंबर वाढलेला होता आणि चष्मा तीन-चार वर्षांत बदललेला नव्हता. जवळचं चांगलं होतं. मला त्यांच्याबद्दल कळलेली ही पहिली गोष्ट. बसमध्ये चढल्यावर मी आत सरकून बसले आणि काचेवरचा पडदा ओढला, कारण असा नंबर असलेल्या माणसाला तिरपं ऊन सहन होत नाही.

पुढे पंचबोल नावाचा पॉइंट आला. तिथे हाक मारली की समोरच्या कड्यांवरून पुन्हा पुन्हा परत येते. लोकांनी आपापल्या मुलांची नावं घेतली. वानखडेबाईंनी पुण्याच्या मुलाला हाक मारली आणि ती परत येताना ऐकून त्यांचे डोळे भरले. मग सगळे गप्प झाले आणि माझ्या बाजूला बघू लागले.

"साहेब मारतात हाक," शिवलाल म्हणाला.

मला काही ऐकू आलं नाही. कड्यातून पाखरं उडाली. त्यानंतर समोरच्या डोंगरावरून आवाज आला.

"हेम."

आवाज पुरुषाचा होता, थोडा घोगरा, ओरडायची सवय नसलेल्या माणसाचा. दवाखान्यात मी मॅडम आहे. कागदावर हेमलता आहे. आई लता म्हणायची. माझं नाव त्या जागी तोडता येतं हे मला माहीत नव्हतं. हाक पुन्हा आली, आणखी लांबून, आणि पुन्हा. शेवटची इतकी बारीक होती की मी श्वास रोखून ऐकली.

"पुन्हा एकदा मारा ना," मी म्हणाले.

"ते इकडे आहेत, मॅडम," वानखडेबाई म्हणाल्या.

मी दुसरीकडे वळले. "पुन्हा एकदा मारा ना हाक."

दरी शांत राहिली. शिवलालने मान तिरपी करून ऐकलं. "घसा बसला म्हणतात," तो म्हणाला.

कॉफीचा मळा उतारावर होता. उंच झाडांच्या सावलीत कॉफीची झुडपं उभी होती आणि फांद्यांना चिकटून लाल फळं लगडलेली होती. शिवलालने एकेकाच्या हातावर फळ ठेवलं. "चावा, पण बी गिळू नका." फळ गोड होतं, पातळ सालीचं. अंगणात बिया वाळत होत्या. एक म्हातारी लोखंडी कढईत बिया भाजत होती, आणि त्या तडतडल्या की कान देऊन आच कमी करत होती. आम्हाला लांब बाकांवर बसवलं. दोन तऱ्हेची कॉफी होती, कमी भाजलेली आणि जास्त भाजलेली. माझ्यासमोर दोन कप आले आणि शेजारच्या रिकाम्या जागेसमोर दोन.

शिवलाल साखरेचा डबा घेऊन आला.

"साहेबांना साखर किती?"

त्याने हे मला विचारलं होतं. बाकावरच्या सगळ्यांनी कप खाली ठेवले आणि माझ्याकडे पाहिलं. म्हातारीने कढईतला झारा थांबवला. मला माहीत नाही असं म्हणता आलं असतं. ते खरं होतं.

"ह्यांना साखर नको," मी म्हणाले.

हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा वापरला. आईच्या तोंडून ऐकला होता, शेजारणींच्या तोंडून ऐकला होता, दवाखान्यात तर रोज ऐकते. ह्यांना लांबचं दिसत नाही, ह्यांच्या डोळ्यातून पाणी येतं. बोलायला सोपा निघाला.

वानखडेबाईंनी मान हलवली. म्हातारीचा झारा पुन्हा फिरू लागला. मी झाडांकडे पाहिलं, आणि परत पाहिलं तेव्हा शेजारच्या कपातली कॉफी एका घोटाने कमी झाली होती.

"कडू लागली साहेबांना," वानखडे म्हणाले. "पण पितात."

मला त्या कपाजवळ हात न्यावासा वाटला. मी बाकावर बोटं पसरून ठेवली, कपापासून थोड्या अंतरावर, आणि कोणाला दिसू नये म्हणून दुसऱ्या हाताने कॉफी प्यायले. कमी भाजलेली मला आवडली. तिला त्या फळाचा वास होता.

त्यानंतर माझ्याशी कोणी बोललं नाही.

"मॅडमला कुठली आवडली, साहेब?" शिवलालने रिकाम्या जागेला विचारलं. ऐकलं. "जास्त भाजलेली," त्याने म्हातारीला सांगितलं.

"मला कमी भाजलेली आवडली," मी म्हणाले.

म्हातारीने जास्त भाजलेलीची पुडी बांधली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"मॅडम थकल्या वाटते, साहेब," वानखडेबाई म्हणाल्या.

"मी थकले नाही," मी म्हणाले.

"थकलं की माणूस असं गप्प होते," त्या रिकाम्या जागेला म्हणाल्या. "त्यांना खिडकीशी बसू द्या."

बस निघाली. मी खिडकीशी बसले. मला राग आला होता, पण ती हाक कानात होती. बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात मी शेजारच्या सीटशी बोलले. मी म्हणाले, तुमचा नंबर वाढलाय. सोमवारी दवाखान्यात या. मी तुम्हाला बघितलेलं नाही, पण हनुवटी टेकवून बसलात तर काचेतून मला डोळा तरी दिसेल. मी म्हणाले, माझं स्वयंपाकघर पूर्वेला आहे, सकाळी तिथे चांगलं ऊन येतं. वर्तमानपत्र मी घेत नाही, पण सुरू करता येईल. मी म्हणाले, लोकांसमोर तुम्ही माझ्या वतीने बोलू नका, मला ते आवडलं नाही, घरी बोललात तर चालेल. एवढं मी एका दमात कधी कोणाशी बोलले नव्हते. बोलून झाल्यावर हलकं वाटलं.

"साहेब पुढे काहून जाऊन बसले?" मागून वानखडेबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"घाटाची वळणं बघतात म्हणे. मळ्यातून निघाल्यापासून ड्रायव्हरजवळच आहेत."

मी सीटकडे पाहिलं. ती सकाळपासून जशी होती तशीच होती.

शेवटच्या पॉइंटला पोहोचलो तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. सगळे उतरले. मी उतरत असताना शिवलाल बाहेरून दार लावू लागला आणि मला अंग चोरून निसटावं लागलं. कठड्यापाशी गर्दी झाली होती. मी वानखडे आणि त्यांच्या बायकोच्या मधल्या जागेत जाऊन उभी राहिले. दोघं खाली बघत होते. कड्याच्या पोटाशी एक सपाट खडक पुढे आला होता आणि त्यावर दरीकडे तोंड केलेला सिमेंटचा बाक होता.

"साहेब तिथे जाऊन बसले बघा," वानखडे म्हणाले.

"एकटेच?"

"मॅडम आहेत की बाजूला."

वानखडेबाईंनी डोळ्यांवर हात धरला. "हो, आहेत. किती चांगलं वाटते न दोघांना बघून."

मी त्यांच्या मधोमध उभी होते. माझा दंड बाईंच्या शालीला लागत होता. मला लांबचं स्वच्छ दिसतं. बाक या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा होता.

"वानखडेबाई," मी म्हणाले.

त्यांनी शाल सारखी केली.

"शिवलाल, खाली जायची वाट कुठून आहे?"

शिवलाल कोणाला तरी दूरच्या रांगांची नावं सांगत होता. मी त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. त्याने माझ्या दिशेने बोट दाखवलं आणि पुढच्या रांगेचं नाव सांगितलं.

वाट मला कठड्याच्या टोकाला सापडली. खडकात पायऱ्या खोदलेल्या होत्या. वर राहण्यात काही अर्थ नव्हता, तिथे माझी जागा नव्हती. मी पुडी ब्लाउजात खोचली, पदर बांधला आणि भिंतीला धरून उतरले. अर्ध्यात एकदा पाय घसरला. कोणी ओरडलं नाही.

बाक दगडासारखा गार होता. माझी बाजू कोणती हे मला माहीत नव्हतं. मी मान वर केली. कठड्यावरून सगळी डोकी ओळीने खाली बघत होती.

"मी कुठल्या बाजूला आहे?" मी विचारलं.

वानखडेबाईंनी प्रेमाने हात हलवला.

मी डाव्या टोकाला बसले आणि उजवीकडे जागा सोडली. समोर डोंगरामागे डोंगर होते, आणि त्यांच्या मधल्या खोलगट जागेत लहानसं गाव दिसत होतं. ह्यांना ते दिसत नसणार. ह्यांना फक्त निळं आणि त्याच्यावर पिवळं दिसत असणार.

"समोर एक गाव आहे," मी म्हणाले. "कौलारू घरं आहेत, सात-आठ. शेवटच्या घरासमोर एक बाई दोरीवरचे कपडे काढते आहे. दोन लुगडी काढली. एक लहान काहीतरी आहे, ते तिच्या हातातून पडलं. उचललं तिने. तिच्यामागे पांढरी गाय आहे. आता ती बाई उभी राहून इकडे बघते आहे, पण तिला आपण दिसत नसू, फार लांब आहे."

मी थांबले. जे दिसत होतं ते सगळं सांगून झालं होतं.

वर कठड्यापाशी सगळे एकदम हसले. कोणीतरी फार मजेशीर बोलल्यावर हसतात तसे, पोट धरून. वानखड्यांचं हसणं सगळ्यांत मोठं होतं. बाई पदराने डोळे पुसत होत्या.

मी उजवीकडे पाहिलं. मग मीही हसले, पण तोवर वरचं हसणं थांबलेलं होतं.